होरुस नेमका कुठला? जपानी बालचित्रपटांतून नाहीशी झालेली माणसे

मित्रहो, आजचा धागा जरा लांबणार आहे, तेव्हा सवडीने वाचा. विषय आहे जुन्या जपानी ॲनिमेशनपटांचा, म्हणजे साधारण १९४५ ते १९९७ या काळात मुलांसाठी निघालेल्या चित्रपटांचा. त्यांना विचारायचे प्रश्न दोनच. जपानबाहेरची माणसे त्यांत कशी दिसतात? आणि जपानच्याच भूमीवरची, पण बहुसंख्य जपानी समाजाहून वेगळी असलेली माणसे कशी दिसतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरच मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आपल्याला थेट उत्तर युरोपात जावे लागेल. ते का, हे यथावकाश कळेलच.

ज्यांचे बालपण हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉनच्या सोबतीने गेले, त्या माझ्यासारख्यांना जपानी कार्टून म्हटले की दुपारची शाळा सुटल्यावरचा निरुपद्रवी अर्धा तास आठवतो. म्हणून प्रथमच एक गोष्ट सांगून ठेवतो. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तेथील नौदलाच्या पाठबळाने तयार झाला होता आणि तो प्रदर्शित झाला तेव्हा जपानची शहरे जळत होती.

मोमोतारोची लोककथा जपानमध्ये प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पीच फळातून जन्मलेला एक मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबत घेऊन शिंगे असलेल्या राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. या कथेचे सैनिकी रूपांतर करणे किती सोपे आहे, हे युद्धकाळातील प्रचारयंत्रणेने अचूक ओळखले. दिग्दर्शक मित्सुयो सेओ यांनी १९४३ साली ३७ मिनिटांचा ‘मोमोतारोचे समुद्री गरुड’ काढला. त्याचा विषय होता पर्ल हार्बरवरील हल्ला. पुढे एप्रिल १९४५ मध्ये आला ७४ मिनिटांचा ‘मोमोतारो: समुद्राचे दिव्य सैनिक’. त्याची निर्मिती शोचिकू कंपनीची होती आणि त्यामागे जानेवारी १९४२ मध्ये जपानी नौदलाच्या छत्रीधारी सैनिकांनी सेलेबीस बेटावरील मनाडो येथे केलेल्या हल्ल्याची पार्श्वभूमी होती. सेलेबीस म्हणजे आजच्या इंडोनेशियातील सुलावेसी.

या चित्रपटातील एक प्रसंग इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा असा आहे. दक्षिणेकडील बेटावर जपानी सैनिक तळ उभारत आहेत. सैनिक आहेत माकडे, अस्वले, कुत्रे, ससे. आणि स्थानिक रहिवासी आहेत हत्ती, वाघ, लांब नाकाची वानरे. (या बेटावर कांगारूही आहेत. भूगोलाकडे फारसे लक्ष देण्याची गरज कुणाला वाटली नसावी.) एक कुत्रा-सैनिक या स्थानिक प्राण्यांचा वर्ग घेऊ लागतो. विषय आहे जपानी मुळाक्षरे. विद्यार्थी गोंधळ घालतात, लक्ष देत नाहीत. मग संगीत सुरू होते आणि सगळा वर्ग आ-इ-उ-ए-ओ एका सुरात गाऊ लागतो. संगीत युजी कोसेकी यांचे, शब्द हाचिरो सातो यांचे. दोघेही त्या काळातील आघाडीची नावे. गाणे गोड आहे. खरी अडचण तीच आहे. सैनिक आणि स्थानिक दोघेही प्राणीच; पण एका गटाला गणवेश, भाषा आणि शिस्त आहे, तर दुसऱ्याला ती शिकवली जायची आहे. मोमोतारो तेवढा माणूस आहे.

तिसरा गट आहे गोऱ्यांचा. त्यांच्या डोक्यावर लोककथेतल्या राक्षसाप्रमाणे शिंग आहे आणि शरणागतीच्या वाटाघाटीत ते इंग्रजीत गयावया करतात. मध्येच छायाचित्रणाच्या धर्तीवर, काळ्या आकृत्यांमधून, एक पूर्वेतिहास येतो: बेटावर गोव्याच्या राजाचे राज्य होते, समुद्रापलीकडून गोरे व्यापारी आले आणि त्यांनी कपटाने ते बळकावले. हा आपला गोवा नव्हे. हे सुलावेसीवरचे गोवा राज्य, ज्याला डच कंपनीने १६६९ साली कायमचे नमवले. म्हणजे डचांविषयीचे आरोपपत्र सर्वस्वी खोटे नव्हते. प्रचाराची ताकद त्यातच असते. वसाहतवादाची खरी जखम दाखवायची आणि औषध म्हणून दुसरा वसाहतवाद पुढे करायचा. शेवटच्या दृश्यात लहान प्राणी झाडावरून उड्या मारण्याचा खेळ खेळतात. खाली जमिनीवर आखलेला असतो अमेरिका खंडाचा नकाशा.

हा चित्रपट ओसाकातील एका जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात सोळा वर्षांच्या एका मुलाने पाहिला आणि तो हेलावून गेला. त्याचे नाव ओसामु तेझुका. युद्धापेक्षा चित्रपटातील शांत क्षणांनी, हवेत तरंगत येणाऱ्या फुलांच्या म्हाताऱ्यांनी त्याला भारून टाकले आणि आपणही कधीतरी ॲनिमेशनपट काढायचा, हे त्याने तेव्हाच ठरवले. युद्धानंतर हा चित्रपट नष्ट झाला असे मानले जात होते. १९८२ साली शोचिकूच्याच गोदामात त्याची निगेटिव्ह सापडली.

तेझुकांनी ते ऋण फेडले. त्यांच्या ‘जंगल सम्राट’ या मालिकेत (१९६५, आपण तिला ‘किम्बा’ म्हणून ओळखतो) आफ्रिकेच्या जंगलातील प्राणी आ-इ-उ-ए-ओचे गाणे शिकतात. ही त्या जुन्या वर्गाला दिलेली उघड मानवंदना होती. तेझुका युद्धविरोधी होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पांढरा सिंह लिओ प्राण्यांना मारामारी सोडून एकत्र नांदायला शिकवतो. पण ‘सुधारलेला’ एक जण येऊन इतरांना भाषा आणि नीतिनियम शिकवतो, हा आराखडा तोच राहिला. सेलेबीसची जागा आफ्रिकेने घेतली. तेझुकांच्या मूळ चित्रकथेतील आफ्रिकी माणसे जाड ओठांची, गवताचे कपडे घातलेली आहेत, म्हणजे अमेरिकी कार्टूनमधून उचललेले ठोकळे. १९९० च्या सुमारास यावर आक्षेप घेतले गेले तेव्हा तेझुका हयात नव्हते. प्रकाशकांनी अखेर चित्रे न बदलता पुस्तकांसोबत खुलासा छापण्याचा मार्ग स्वीकारला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो मार्ग योग्य वाटतो. पुरावा खोडून टाकण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभे राहून बोलणे केव्हाही बरे.

आता थोडे मागे, १९५८ मध्ये येऊ. तोएई कंपनीचा ‘हाकुजादेन’, म्हणजे ‘श्वेत सर्पिणीची कथा’, हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. कथा चीनची आहे. पात्रे चिनी, पोशाख चिनी, वास्तू चिनी. सोबतीला एक पांडा आणि एक लाल पांडा. सर्व पात्रांचे आवाज मिळून दोनच कलावंतांनी दिले होते. एक तपापूर्वीपर्यंत ज्या देशात जपानी सैन्याने अनन्वित अत्याचार केले, त्या देशाचे चित्र येथे सुंदर आणि आदरपूर्वक रेखाटलेले आहे. यात शिंगे असलेला राक्षस नाही की वर्ग घेणारा सैनिक नाही. आशियाई बाजारपेठेचा हिशेब त्यामागे होताच, पण परिणाम केवळ हिशेबी नाही.

तरीही ताळेबंद पाहा. त्याच वर्षी मे महिन्यात नागासाकीत एका प्रदर्शनात चीनचा ध्वज फाडून खाली खेचल्याचे प्रकरण घडले आणि चीनने जपानशी व्यापार तोडला. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला १९७२ साल उजाडावे लागले. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात पहिले खरे पांडे आले तेही त्याच वर्षी. ज्या मुलांनी हा चित्रपट पाहिला त्यांना पांडा हा आधी कार्टूनमधून भेटला. दंतकथेतला चीन चालत होता. कालपरवाचा चीन पडद्यावर येणार नव्हता. पुढील काही वर्षांत तोएईने ‘पश्चिमेची यात्रा’ (ज्यात बौद्ध ग्रंथांसाठी चाललेली मंडळी भारताकडे निघालेली असतात), सिंदबाद आणि अँडरसन असे विषय हाताळले. दूरदेशांची कमतरता नव्हती.

जवळच्यांचे काय? येथे मला थांबून थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण हा सारा धागा मी ज्या चित्रपटासाठी लिहायला घेतला तो आता येतो.

जपानच्या उत्तरेकडील बेट होक्काइदो. ते आइनू लोकांची भूमी. त्यांची भाषा जपानीच्या कुळातील नाही. त्यांचे देव, गाणी, गोंदण, सारे वेगळे. १६६९ साली, म्हणजे योगायोगाने सुलावेसीचे गोवा राज्य पडले त्याच वर्षी, शाकुशाइन या आइनू नेत्याने व्यापाराच्या जुलमी अटींविरुद्ध उठाव केला. तहाच्या बोलण्यांच्या निमित्ताने बोलावून त्याला ठार मारण्यात आले. १८६९ मध्ये मेइजी शासनाने बेटाचे नाव ‘होक्काइदो’ ठेवले आणि वसाहत खाते उघडले. गोंदणाला बंदी आली, जपानी नावे आली, जपानी शाळा आल्या. ज्या सामन मासा आणि हरणांवर लोक जगत होते त्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. १८९९ चा कायदा आइनूंना शेतकरी बनवू पाहणारा होता. त्याच्या नावातच त्यांना ‘माजी देशी रहिवासी’ म्हटले होते, आणि मूळ जपानी शब्दात तुच्छतेची छटा आहे.

आइनू भाषेला लिपी नव्हती. तिची दीर्घ कथागीते, युकार, मुखोद्गत असत. चिरी युकिए या आइनू तरुणीने तेरा देवगीते रोमन लिपीत लिहून शेजारी जपानी भाषांतर दिले. १९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. पुस्तक पुढल्या वर्षी निघाले. ती आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा लहान होती, एवढेच ध्यानात ठेवा.

या परंपरेत ओकिकुरमी नावाचा एक वीर आहे. सैतानाचे एक पोर नदीच्या उगमात बाण मारून पाणी नासवते, सामन मासे माघारी फिरू लागतात आणि हा वीर त्या पोराशी झुंजून नदी पुन्हा निर्मळ करतो, अशी त्याची एक गोष्ट आहे. या कथेवरून काझुओ फुकाझावा यांनी ‘चिकिसानीचा सूर्य’ हे बाहुल्यांचे नाटक लिहिले. चिकिसानी हे आइनू भाषेत एल्म वृक्षाचे नाव. या नाटकावरून तोएईत चित्रपट करायचे ठरले. पटकथा स्वतः फुकाझावांची, ॲनिमेशन दिग्दर्शन यासुओ ओत्सुका यांचे आणि दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट करणारे इसाओ ताकाहाता. दृश्यरचनेवर काम करणारा उमदा चित्रकार म्हणजे हायाओ मियाझाकी. हे सारे कामगार संघटनेत सक्रिय होते आणि व्हिएतनाम युद्धाच्या त्या वर्षांत एखादे गाव संकटासमोर एकवटते कसे, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

चित्रपट २१ जुलै १९६८ रोजी प्रदर्शित झाला. नाव: ‘सूर्याचा राजकुमार: होरुसचे महासाहस’. आणि त्यात एकही आइनू नाही. कथा ‘उत्तरेकडील’ एका देशात, सरळ सांगायचे तर स्कँडिनेव्हियात घडते. आइनूंचे चित्रण म्हणजे वाद ओढवून घेणे, असा विचार त्यामागे होता. ओकिकुरमीचा झाला होरुस, सैतान झाला ग्रुनवाल्ड, आणि गावकऱ्यांना मिळाले भरतकाम केलेले युरोपीय कपडे.

सांधे मात्र दिसतात. होरुस नदीतल्या राक्षसी माशाला मारतो आणि उपासमार होत असलेल्या गावाकडे माशांचे थवे परत येतात, हा प्रसंग पाहताना ती नासलेली नदी आठवल्यावाचून राहत नाही. होरुसचा जिवलग सोबती अस्वलाचे पिल्लू आहे. आइनूंच्या धर्मजीवनात अस्वलाचे स्थान सर्वोच्च देवांत आहे. एक गोष्ट तर मला फार बोचली. आइनूंसाठी घुबड हा गावाचा रक्षक देव. चिरी युकिएच्या संग्रहातील पहिलेच गीत घुबडदेवतेचे आहे. होरुसमध्येही घुबड आहे: पांढरे, डोळे रोखून बसणारे. ते सैतानाचे हेर आहे. हे कुणी हेतुपुरस्सर केले असे मी म्हणणार नाही. युरोपीय वेश चढवला की त्याच्यासोबत युरोपीय संकेतही येतात, इतकेच.

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. त्या काळी आइनू विषयाला हात लावणे कुणाला शक्य होते? येथे तारखा उपयोगी पडतात. १९५८ साली, म्हणजे ‘हाकुजादेन’च्याच वर्षी, खुद्द तोएईने तोमु उचिदा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अरण्य आणि सरोवरांचा उत्सव’ हा आइनू समाजाच्या प्रश्नावरचा चित्रपट काढला होता. नायकाच्या भूमिकेत केन ताकाकुरा. पुढच्या वर्षी तोहो कंपनीसाठी मिकिओ नारुसे यांनी भेदभाव सोसणाऱ्या आइनू मुलांची गोष्ट पडद्यावर आणली. म्हणजे विषय अस्पर्श नव्हता. प्रौढांच्या चित्रपटात आइनू ‘समस्या’ म्हणून येऊ शकत होते. मुलांच्या चित्रपटात नायक म्हणून येऊ शकत नव्हते.

आणि वर्ष कोणते? १९६८. त्याच सप्टेंबरात साप्पोरोत होक्काइदोच्या ‘विकासा’ची शताब्दी मोठ्या थाटात साजरी झाली. १८९९ चा तो कायदा तेव्हाही लागू होता.

याची दुसरी बाजू मी मांडली नाही तर अन्याय होईल. चमूत आइनू कलावंत नसताना, पुरेसा अभ्यास नसताना हीच मंडळी आइनू गाव रंगवायला बसली असती, तर तेझुकांच्या आफ्रिकेसारखेच काहीतरी निघाले नसते कशावरून? कदाचित निघाले असते. आणि ‘होरुस’ हा मोठा चित्रपट आहेच. त्यातील हिल्डा, सैतानाची बहीण म्हणून वावरणारी, गाणारी, दोन्ही बाजूंत फाटलेली मुलगी, तोवरच्या जपानी बालचित्रपटांतील सर्वांत गुंतागुंतीचे पात्र असावे. पण ज्या समाजाची गोष्ट घेतली त्याचे नाव गाळल्यामुळे काय झाले? होक्काइदोतील एखादे आइनू मूल त्या उन्हाळ्यात चित्रपटगृहात बसले असेल, तर आपल्या आजीकडची गोष्ट समोर चालू आहे, हे त्याला कळायला काहीही वाव नव्हता. शेजारच्या जपानी मुलालाही नव्हता.

तिकीटबारीवर चित्रपट पडला. थोड्याच दिवसांत तो उतरवला गेला आणि ताकाहातांना कंपनीत त्याची किंमत मोजावी लागली.

पुढचा टप्पा भरभर सांगतो. १९८६ मध्ये पंतप्रधान नाकासोने यांनी जपान हे एकजिनसी राष्ट्र असल्याचे विधान केले आणि आइनू संघटनांनी त्याचा जाहीर निषेध केला. १९९४ मध्ये शिगेरु कायानो हे आइनू नेते संसदेत पोहोचले. मार्च १९९७ मध्ये निबुतानी धरणाच्या खटल्यात साप्पोरोच्या न्यायालयाने आइनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली. कायानो त्यातील एक वादी होते. धरण मात्र तोवर बांधून झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात नवा आइनू संस्कृती कायदा संमत झाला, १ जुलैपासून लागू झाला आणि १८९९ चा कायदा रद्द झाला.

त्यानंतर अकराच दिवसांनी, १२ जुलै १९९७ रोजी, मियाझाकींचा ‘राजकुमारी मोनोनोके’ प्रदर्शित झाला. त्याचा नायक आशिताका हा एमिशी आहे, म्हणजे यामातो दरबाराने पराभूत केल्यावर पाचशे वर्षे दडून राहिलेल्या उत्तरेकडील लोकांपैकी. एमिशी म्हणजेच आइनू, असे समीकरण मांडू नका. हे नाते इतिहासकारांसाठी सरळ नाही. पण ‘होरुस’मध्ये जे गाळले गेले होते, ते येथे पहिल्या दहा मिनिटांत उच्चारले जाते: जपानमध्ये जपानी राज्याहून वेगळे लोक होते आणि ते हरवले गेले. पुढे लोखंडाच्या कारखान्यात भाते चालवणाऱ्या, वेश्यागृहांतून सोडवलेल्या स्त्रिया दिसतात आणि पट्ट्यांनी गुंडाळलेले कुष्ठरुग्ण बंदुका घडवताना दिसतात. मियाझाकींच्या घराजवळ तामा झेनशोएन ही कुष्ठरुग्णांची जुनी वसाहत आहे. तेथे जाऊन आल्याचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः सांगितला आहे. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा जपानने १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या केवळ एक वर्ष आधी रद्द केला होता.

जाता जाता आपल्याकडचा एक संदर्भ. युगो साको यांनी १९९२ साली ‘रामायण’ ॲनिमेशनपट केला, तेव्हा सहदिग्दर्शक म्हणून मुंबईचे राम मोहन सोबत होते. दुसऱ्यांची गोष्ट सांगताना त्या गोष्टीतील माणूस चमूत असावा, ही साधी वाटणारी रीत १९६८ च्या तोएईत कुणाला सुचली असती, तर चिकिसानीला नाव बदलावे लागले असते का, हा प्रश्न मला पडतो.

ज्यांना ‘होरुस’ पाहायचा आहे त्यांनी सुरुवात नीट पाहा. मरणासन्न बाप मुलाला सांगतो की आपले गाव सैतानाने उद्ध्वस्त केले, आपण तेथून पळालो, तू उत्तरेकडे, आपल्या माणसांत परत जा. होरुस होडी घेऊन निघतो. तो नेमका कुठल्या गावी निघाला आहे, हे चित्रपट सांगत नाही.